मायनर विषय कसा निवडावा आणि तो पदवीपर्यंत कसा पूर्ण करावा

एसवायच्या, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या, प्रवेशाच्या वेळी मी टेबलावर बसले होते. समोर एक मुलगी आली. अर्ज स्वच्छ भरलेला, गुणपत्रिका क्रमाने लावलेल्या, मेजरच्या रकान्यात ठळक अक्षरात अर्थशास्त्र. मायनरच्या रकान्यात मात्र पेन्सिलीने मानसशास्त्र लिहून खोडलेलं, त्याच्या वर भूगोल लिहून तेही खोडलेलं. कागद तिथे खरवडून पातळ झाला होता. ती म्हणाली, "मॅडम, मैत्रिणीने काय भरलंय ते बघून येऊ का?" मागे रांग होती, तरी तिला मी बाकावर बसवून ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघींनी अभ्यासक्रम उघडला. त्या अर्ध्या तासात तिला जे सांगितलं आणि पुढच्या वर्षभरात तिच्यासारख्या अनेकांना जे सांगावं लागलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

मेजर हा पदवीतला मुख्य विषय, मायनर हा दुसरा. महाराष्ट्राच्या आराखड्यात त्याला साधारण १८ ते २० क्रेडिट आहेत. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे नुसती थिअरी धरली तरी तुम्ही या विषयासोबत तीनशे तास वर्गात बसणार आहात. तीनशे तास ज्याच्यासोबत काढायचे, तो विषय मैत्रिणीच्या अर्जावरून ठरवू नये.

पहिली पायरी: आपला पॅटर्न कोणता ते नक्की करा

महाराष्ट्रात नवीन शैक्षणिक धोरण पदवीला एकदम लागू झालं नाही. स्वायत्त महाविद्यालयांनी बहुतेक ठिकाणी २०२३-२४ पासून सुरुवात केली, संलग्न महाविद्यालयं २०२४-२५ पासून आली. त्यात राज्य सरकारने एप्रिल २०२३ मध्ये क्रेडिटची जी मांडणी दिली, तिच्यात मार्च २०२४ मध्ये बदल केला. त्यामुळे एकाच कॉलेजात दोन लागोपाठच्या बॅचचे नियम वेगळे असू शकतात. ताईने जे केलं तेच धाकट्याला लागू होईल असं धरून चालू नका.

कला आणि विज्ञान शाखेत सध्या ढोबळमानाने असं आहे: पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे, तिघांना सारखं वजन. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यातला एक मेजर होतो, एक मायनर होतो आणि तिसरा सुटतो. म्हणजे मायनरची खरी निवड एफवायच्या प्रवेशावेळीच अर्धी झालेली असते, कारण जे तीन विषय घेतले त्यांच्या बाहेरचा मायनर मिळत नाही. बारावीनंतर प्रवेश घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. तिसरा विषय "असाच, भरायचा म्हणून" घेतला तर वर्षभराने निवडीला दोनच विषय उरतात.

पालकांना हे आणखी सोप्या शब्दांत सांगता येतं. तुमच्या वेळी बीएला 'स्पेशल' आणि 'जनरल' असायचं. मेजर म्हणजे स्पेशल. मायनर जनरलच्या जागी आला आहे, पण वजनाने त्याहून भारी आहे, कारण गुणपत्रिकेत त्याचे क्रेडिट स्वतंत्र मोजले जातात आणि ते पूर्ण झाल्याशिवाय पदवी हातात पडत नाही.

इथेच एक गोंधळ नेहमी होतो, तो मायनर आणि ओपन इलेक्टिव्हचा. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुलं ज्याला ओई म्हणतात, तो दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो आणि दर सेमला, म्हणजे दर सहामाही सत्राला, बदलता येतो. कॉमर्सच्या मुलाने एका सेमला पोषणशास्त्र घेतलं, पुढच्या सेमला मोडी लिपी घेतली, तरी चालतं. मायनर असा बदलत नाही. तो एकच विषय धरून पायरीपायरीने वर जायचं असतं. व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ), एईसी (भाषा वगैरे क्षमतावाढ), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) ही बाकीची आद्याक्षरंही गुणपत्रिकेवर दिसतील, त्यांचा मायनरशी संबंध नाही. ओईला मानसशास्त्राचे दोन पेपर दिले म्हणून "माझं मायनर मानसशास्त्र" असं होत नाही. हे वाक्य मी दर आठवड्याला कुणाला तरी ऐकवते.

यूट्यूबवरच्या व्हिडिओंबद्दलही सावध राहा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर २०२२ मध्ये दिलेल्या आराखड्यात मायनरला तीन वर्षांच्या पदवीसाठी २४ आणि चार वर्षांच्या पदवीसाठी ३२ क्रेडिट आहेत. महाराष्ट्राचे आकडे वेगळे. दुसऱ्या राज्यातला मुलगा कॅमेऱ्यासमोर आत्मविश्वासाने सांगतो ते त्याच्यासाठी बरोबरच असतं, तुमच्यासाठी नसतं. गोव्यात शिकत असाल तर गोवा विद्यापीठाचाच आराखडा बघा. तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शाखेनुसार अभ्यासक्रमाची पीडीएफ असते, स्वायत्त कॉलेजची कॉलेजच्या संकेतस्थळावर असते. तिच्या पहिल्या काही पानांत सेमनुसार क्रेडिटचा तक्ता असतो. तो छापून घ्या. पुढचं सगळं त्या तक्त्यावर चालणार आहे.

दुसरी पायरी: हा विषय कशासाठी हवा आहे?

माझ्या मते मायनर घेण्याची तीन कारणं खरी आहेत.

पहिलं, एमए-एमएस्सीला दुसरं दार उघडं ठेवणं. यूजीसीने २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी जो आराखडा काढला, त्यात मेजर किंवा मायनर यांपैकी कोणत्याही विषयात पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यार्थी पात्र धरला आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी इतिहास स्पेशल केलेल्या मुलीला राज्यशास्त्रात एमए करायचं झालं की पात्रतेवरून दहा ठिकाणी विचारणा करावी लागायची. आता मायनर राज्यशास्त्र असेल तर तिच्या हातात आधार आहे. मात्र प्रत्येक विद्यापीठ आपल्या माहितीपुस्तकात स्वतःच्या अटी लिहितं, किमान टक्के, प्रवेश परीक्षा वगैरे. ज्या विद्यापीठात पुढे जायचा विचार आहे, त्याचं माहितीपुस्तक दुसऱ्या वर्षातच वाचून ठेवा. शेवटच्या सेमपर्यंत थांबू नका.

दुसरं कारण, मेजरला धार लावणं. भूगोलाला संख्याशास्त्र, वनस्पतीशास्त्राला रसायनशास्त्र, मराठीला इतिहास, अर्थशास्त्राला गणित. अशा जोड्यांत मायनर एकटा बसत नाही, मेजरच्या पेपरातही उपयोगी पडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एमए केलं ते अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन, पण सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र होतं. भारतातल्या जातींवरचा त्यांचा गाजलेला निबंध मे १९१६ मध्ये वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी जातीकडे शास्त्र म्हणून बघायला शिकला तो या बाजूच्या विषयांच्या वर्गात बसून. मुलं "दुसऱ्या विषयाचा काय उपयोग" म्हणतात तेव्हा मी हे उदाहरण देते, कारण ते आपल्या घरातलं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते, पण प्राचीन नाणी तराजूत तोलून, वजनांना संख्याशास्त्र लावून त्यांनी इतिहासाला नवे प्रश्न विचारले. दोन विषय एका माणसाच्या डोक्यात भेटले की असं होतं.

तिसरं कारण साधं आहे: आवड. तत्त्वज्ञान आवडतं म्हणून घेतलं, एवढं पुरतं. घरच्यांना ते पटवणं अवघड जातं हे मी बघते. पण नावडत्या विषयाचे तीनशे तास आणि त्यातली केटी, म्हणजे राहिलेला पेपर पुन्हा देणं, ही त्याहून महाग पडते.

बाकीची कारणं तपासून घ्या. "स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल" हे सर्वांत जास्त ऐकू येतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, मिळून ५०० गुण असतात, आणि एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. मायनर त्या विषयाची ओळख नक्की करून देतो. पण वीस क्रेडिटमध्ये वैकल्पिक विषयाचा अभ्यासक्रम संपत नाही, त्याच्या जवळपासही जात नाही. उपयोग आहे तो हा: तीन सेम शिकल्यावर तुम्हाला कळतं की हा विषय आणखी दोन वर्षं घेऊन बसायची आपली तयारी आहे की नाही. बीएडला जायचं असेल तर अध्यापन पद्धतीचे विषय निवडताना पदवीचे विषय बघितले जातात, तेव्हा शाळेत शिकवला जाणारा विषय मायनर असणं बरं. आणि "कॉम्प्युटर घेतलं की नोकरी लागते" याबद्दल एवढंच सांगते, की नोकरी देणारा विषयाचं नाव विचारून थांबत नाही. काय करता येतं ते करून दाखवायला सांगतो.

तिसरी पायरी: विषय हातात घेऊन बघा

नावावरून विषय कळत नाही. मानसशास्त्र म्हणजे माणसाच्या मनातलं ओळखणं असं वाटून आलेली मुलं दुसऱ्या सेमला मध्यक, प्रमाण विचलन आणि प्रयोगाची जर्नल बघून गांगरतात. संख्याशास्त्र म्हणजे नुसती आकडेमोड असं समजून जे लांब राहतात, त्यांच्यातल्या काहींना तो विषय मनापासून आवडला असता.

म्हणून तीन गोष्टी करा. शेवटच्या दोन सेमचा अभ्यासक्रम वाचा, पहिल्या सेमचा नको. सुरुवात सगळ्याच विषयांची सोपी असते, पाचव्या-सहाव्या सेमला विषय कुठे नेतो ते महत्त्वाचं. मग ग्रंथालयात जाऊन जुने पेपर मागा. नवीन पॅटर्नचे नसतील तर आधीच्या पॅटर्नचे चालतील. एक पेपर समोर ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाला स्वतःला विचारा, "याचं उत्तर जाणून घ्यावंसं वाटतंय का?" उत्तर येतं का, हा प्रश्न नाही, ते शिकवायला आम्ही आहोत. तिसरी गोष्ट, एसवायच्या वर्गात मागच्या बाकावर दोन तास बसायची परवानगी मागा. बहुतेक प्राध्यापक आनंदाने देतात.

त्या मुलीला मी हेच सांगितलं. दोन दिवसांची मुदत होती. ती मानसशास्त्राच्या एका आणि भूगोलाच्या दोन तासांना बसली. भूगोलाच्या तासाला टोपोशीट उघडली होती, भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा, १:५०,००० प्रमाणाचा. तिने त्यात आपलं गाव शोधलं. ओढा सापडला, देवळाची खूण सापडली, मामाच्या गावाला जाणारी पायवाट तुटक रेषेने दाखवलेली सापडली. परत आली तेव्हा रकान्यात पेनाने लिहिलं.

चौथी पायरी: कॉलेजला हे विचारा

या पायरीवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण चांगली निवडसुद्धा इथे फसते.

विद्यापीठाच्या यादीत वीस विषय असतात, तुमच्या कॉलेजात सहा असतात. त्या सहांतही अमुक मेजरबरोबर तमुकच मायनर, असे गट ठरलेले असतात, कारण वेळापत्रक तसंच बसतं. तेव्हा सगळ्यात आधी गटांची यादी मागा. सूचनाफलकावर नसेल तर विभागप्रमुखांना भेटा.

मग विचारा, हा विषय मायनर म्हणून सहाव्या सेमपर्यंत चालणार आहे का? काही विषय कमी मुलांमुळे बंद पडतात. किमान किती विद्यार्थी लागतात आणि सध्या किती आहेत, हे दोन आकडे विचारायला संकोच करू नका. गेल्या दोन वर्षांत त्या विषयाला किती जण होते, तेही विचारा.

शिकवणार कोण? हा प्रश्न उद्धट वाटतो, पण तुमच्या हक्काचा आहे. अनेक विषयांना पूर्णवेळ प्राध्यापक नाहीत, तासिका तत्त्वावर शिक्षक नेमले जातात. हे शिक्षक अनेकदा अतिशय तळमळीने शिकवतात, माझे कितीतरी उत्तम सहकारी असेच तुटपुंज्या मानधनावर काम करत आले. अडचण त्यांच्या शिकवण्याची नाही, नेमणुकीची आहे. मंजुरीला उशीर झाला की जुलैमधला तास ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतो, आणि परीक्षा मात्र वेळेवरच येते. संपूर्ण विषय एकाच तासिका-शिक्षकावर असेल तर गेल्या वर्षी तास कधी सुरू झाले, ते सीनिअरांना विचारा. ते खरं सांगतात.

फी किती? अनुदानित कॉलेजातही काही विषय विनाअनुदानित तुकडीत चालतात आणि त्यांची फी वेगळी असते. प्रयोगशाळा फी, अभ्यास सहलीचा खर्च, भूगोलाला नकाशाचं साहित्य, संगणकाला लॅबचे पैसे. एका वर्षाचं विचारू नका, तिन्ही वर्षांचं विचारा.

बारावीची अट आहे का? गणित किंवा संख्याशास्त्र घ्यायचं तर बारावीला गणित होतं का हे काही ठिकाणी बघतात. अट नसली तरी स्वतःशी प्रामाणिक राहा. बारावीला गणित सोडलेल्या मुलाने ते मायनरला घ्यायचं ठरवलं तर पहिले दोन महिने रोज तासभर जास्तीचा द्यावा लागेल. तो द्यायची तयारी असेल तर जरूर घ्या.

आणि वेळापत्रक. मेजरची प्रॅक्टिकलची बॅच आणि मायनरचा तास एकाच वेळी येणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार. बॅच बदलून मिळते, पण पहिल्या पंधरवड्यात. नंतर बॅचेस भरतात. बाहेरगावहून एसटीने येणाऱ्यांनी शेवटचा तास कधी संपतो आणि शेवटची गाडी कधी आहे, हेही जुळवून बघा. मायनरचे तास बरेचदा दिवसाच्या टोकाला टाकलेले असतात. पावणेपाचची गाडी चुकू नये म्हणून मुली तास अर्धवट सोडतात, मग हजेरी कमी पडते, मग इंटर्नलचे गुण जातात. विभागप्रमुखांना जूनमध्येच लेखी अर्ज दिला तर तास पुढे-मागे करता येतो. आम्ही दोनदा केला आहे. ऑक्टोबरमध्ये रडत आलात तर कुणाच्याच हातात काही उरत नाही.

पाचवी पायरी: अर्ज, एबीसी आणि कागद

अर्ज भरताना विषयाच्या नावाबरोबर विषयाचा कोडही तपासा. मेजर म्हणून शिकवला जाणारा भूगोल आणि मायनर म्हणून शिकवला जाणारा भूगोल यांचे पेपर-कोड वेगळे असतात. पोच घ्या, तिचा फोटो काढून स्वतःला मेल करा.

अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, हे तुमच्या क्रेडिटचं खातं. यूजीसीने ते २०२१ मध्ये आणलं. डिजिलॉकरवरून काढता येतं आणि आता ते बारा आकडी अपार क्रमांकाशी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाशी, जोडलेलं आहे. त्यात क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य राहतात. म्हणजे घरच्या अडचणीमुळे शिक्षण मध्येच थांबलं तरी केलेलं वाया जात नाही, परत येता येतं. लग्न होऊन गेलेल्या किंवा वडिलांच्या आजारपणात दुकान सांभाळायला लागलेल्या मुलांसाठी ही फार मोलाची सोय आहे. फक्त एक काळजी: आधारवरचं नाव, बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि कॉलेजच्या नोंदीतलं नाव एकसारखं हवं. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, असं असेल तर दुरुस्ती पहिल्याच वर्षी करून घ्या.

मायनर बदलायचा असेल तर मुदत बहुतेक ठिकाणी सेम सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांची असते. तोंडी परवानगीवर वर्ग बदलू नका. मला ठाऊक असलेल्या एका कॉलेजात एक मुलगा सरांना सांगून समाजशास्त्रातून मानसशास्त्रात जाऊन बसला. सेमभर शिकला, इंटर्नलही दिली. हॉल तिकीट आलं तेव्हा त्यावर समाजशास्त्राचा कोड होता, कारण कार्यालयात अर्ज पोचलाच नव्हता. त्याने जो पेपर दिला तो न शिकलेल्या विषयाचा होता. सरांचा हेतू चांगला होता, कार्यालयाचंही नियमाप्रमाणे बरोबर होतं, आणि सहा महिने त्या मुलाचे गेले.

सहावी पायरी: क्रेडिटची वही

दोनशे पानी वहीचं शेवटचं पान घ्या. सहा ओळी, सहा सेम. रकाने असे: पेपरचं नाव, कोड, क्रेडिट, इंटर्नल, लेखी, निकाल. मायनरसाठी वेगळं पान, मेजरसाठी वेगळं, बाकी सगळ्यांसाठी तिसरं.

समजा तुमच्या तक्त्यात मायनर दुसऱ्या सेमला २ क्रेडिटने सुरू होतो आणि तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत दर सेमला ४ आहेत. बेरीज १८. प्रत्येक निकालानंतर मिळालेले क्रेडिट लिहा आणि खाली उरलेले लिहा: १६, १२, ८, ४, ०. चौथ्या सेमच्या निकालानंतर उरलेले ८ यायला हवेत आणि तुमच्याकडे १२ येत असतील, तर एक पेपर राहिला आहे किंवा नोंद चुकली आहे. हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं तर दुरुस्त होतं. वर्षातून दोनदा एबीसीच्या खात्यातली बेरीज आपल्या वहीशी ताडून बघा. कॉलेजकडे हजारो मुलांच्या नोंदी असतात, तुमच्याकडे एकाच मुलाच्या आहेत.

सातवी पायरी: सेम चालू असताना

मायनरकडे दुर्लक्ष होतं ते आळसाने नाही. मेजरच्या सबमिशन अंगावर येतात, मायनरचे सर ओरडत नाहीत, म्हणून तो मागे पडतो. त्यावर मला एकच उपाय लागू पडताना दिसला आहे: मायनरच्या तासाच्या दिवशीच संध्याकाळी चाळीस मिनिटं त्याच विषयाला द्यायची. रविवारवर ढकललं की गेलं.

गुणांची विभागणी समजून घ्या. कुठे लेखी आणि अंतर्गत ६०:४० असतं, कुठे ७०:३०. अंतर्गत गुण चाचणी, असाइनमेंट, हजेरी, तोंडी यांतून येतात आणि ते सहज मिळण्यासारखे असतात. बऱ्याच विद्यापीठांत अंतर्गत आणि लेखी दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. अंतर्गत चाचणी चुकवली तर लेखीत कितीही मिळाले तरी केटी लागते.

दुसऱ्या वर्षाच्या फील्ड प्रोजेक्टला मेजर आणि मायनर एकत्र आणा, मार्गदर्शक तयार असतील तर. त्या मुलीने आठवडे बाजार घेतला. दर मंगळवारी पाटी मांडून बसणाऱ्या भाजीवाल्या मावश्यांना ती विचारत फिरली: कुठल्या गावाहून आलात, गाडीभाडं किती दिलं, माल उरला तर काय करता. अर्थशास्त्राच्या पद्धतीने तिने खर्च आणि मिळकत मांडली, भूगोलाच्या पद्धतीने प्रत्येक मावशीचं गाव नकाशावर टाकलं. तेव्हा दिसलं की ठरावीक अंतराच्या पलीकडून मेथी-कोथिंबीर येतच नाही, तिथून कांदा, बटाटा, लसूण असा टिकाऊ माल येतो. हे कुठल्याही एका विषयाच्या वहीत तिला सापडलं नसतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो नकाशा पंधरा मिनिटं समोरून हलू दिला नाही.

केटी लागली तर

मायनरची केटी ही मेजरच्या केटीइतकीच खरी आहे. "मायनरच आहे, शेवटी बघू" म्हणणारी मुलं सहाव्या सेमला पाच पेपर आणि मागचे दोन अशी सात पेपरांची परीक्षा देतात. निकाल लागल्यावर पहिल्या आठवड्यात तीन कामं करा: उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची का ते ठरवा, पुनर्मूल्यांकनाची मुदत बघा, आणि केटीचा परीक्षा अर्ज पुढे कधी निघतो ते लिहून ठेवा. अर्ज मुदतीत भरला नाही तर विलंब शुल्क लागतं, तीही मुदत गेली तर सेम जातो. अंतर्गत गुणांत केटी असेल तर संबंधित शिक्षकांना भेटून पुन्हा काय सादर करायचं ते लेखी घ्या.

स्वयमवरचे कोर्स

मायनरचा एखादा पेपर कॉलेजात उपलब्ध नसेल तर स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करता येतो. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेममधले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घ्यायला विद्यापीठं परवानगी देऊ शकतात. सत्रं जुलै आणि जानेवारीला सुरू होतात. त्यातल्या एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांनी चालवलेल्या, कोर्सला असाइनमेंटचे २५ आणि प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ अशी विभागणी असते. ४ आठवड्यांचा कोर्स म्हणजे १ क्रेडिट, ८ चा २, १२ चा ३.

नोंदणी करण्याआधी तो कोर्स तुमच्या मायनरच्या कोणत्या पेपराऐवजी धरला जाईल, याची लेखी मान्यता घ्या. प्रमाणपत्र आणून मग विचारलं तर उत्तर बहुधा नाहीच येतं. बारा आठवड्यांचे तीन क्रेडिट आणि तुमच्या पेपरला चार लागत असतील, तर उरलेल्या एकाचं काय, हेही आधीच ठरवून घ्या.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी थोडक्यात

इथे मायनर हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. नवीन आराखड्यातला मल्टिडिसिप्लिनरी मायनर, म्हणजे एमडीएम, १४ क्रेडिटचा असतो आणि तो पदवीचाच भाग आहे, सर्वांना करावा लागतो. दुसरा प्रकार म्हणजे एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) मांडणीप्रमाणे पदवीच्या क्रेडिटशिवाय १८ ते २० जादा क्रेडिट घेऊन मिळवायची मायनर किंवा ऑनर्स पदवी. ती ऐच्छिक आहे. केटी शिल्लक असताना ती घेऊ नका, आणि प्लेसमेंटच्या सेमला तिचे किती पेपर येतात ते आधी बघा. मेकॅनिकलच्या मुलाला रोबोटिक्स, सिव्हिलच्या मुलीला डेटा सायन्स खरोखर उपयोगी पडतं, पण सीजीपीए सांभाळून.

मूल परदेशी शिकायला निघालं असेल तर तिथली पद्धत आणखी निराळी. अमेरिकेत मायनर बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो, साधारण पाच-सहा कोर्सचा, आणि विभागाकडे फॉर्म भरून तो जाहीर करावा लागतो. एकच कोर्स मेजर आणि मायनर दोन्हींत मोजला जाईल का, हा तिथे विचारायचा मुख्य प्रश्न.

शेवटच्या सेमला

सहाव्या सेमचा परीक्षा अर्ज भरण्याआधी वही, कॉलेजची नोंद आणि एबीसीचं खातं तिन्ही एकत्र ठेवून बेरीज करा. कॉलेज बदललं असेल तर आधीच्या कॉलेजातले मायनरचे क्रेडिट इकडे त्याच विषयाखाली आलेत का, ते बघा. विषयाचं नाव थोडं वेगळं असेल तर ते कधीकधी भलत्याच रकान्यात जाऊन पडतात.

निकालानंतर गुणपत्रिकेवर मायनरचं नाव नीट छापलंय का ते वाचा. चूक असेल तर पदवीदान समारंभाचा अर्ज भरण्याआधी दुरुस्तीचा अर्ज द्या, सोबत प्रवेश अर्जाची पोच, सहाही सेमच्या गुणपत्रिका आणि कॉलेजचं पत्र जोडा. पदवी प्रमाणपत्र छापून झाल्यावर तीच दुरुस्ती करायला विद्यापीठाच्या फेऱ्या माराव्या लागतात. एमएच्या प्रवेशाला मायनरच्या आधारावर जाणार असाल तर मायनरच्या अभ्यासक्रमाची छापील प्रतही कॉलेजच्या सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा. तिथले प्राध्यापक विचारतात, "या विषयात नेमकं काय काय शिकलात?", आणि तेव्हा ती प्रत पुढे करता येते.